हरवलेला चार

एक

पडद्यावर अठ्ठ्याण्णव हा आकडा आला आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ओठांपाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"जरा थांबा," ते म्हणाले. "होळीच्या आदल्या रविवारी, एकट्या एका होडीला, पापलेटच्या किती टोपल्या?"

"अठ्ठ्याण्णव," फेलिशियाने वाचलं. वाचता वाचताच तिचा आवाज चिरकला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं ते सादरीकरण होतं. विषय संख्याशास्त्र, आणि प्रकल्प फेलिशियाने सुचवलेला: पापलेट खरंच घटतंय, की कोळी उगाच रडगाणं गातात? ती पाचूबंदरची. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. लिलाव उरकला की कुठल्या होडीला किती टोपल्या आल्या ते त्यावर खडूने लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकतात. तो पुसला जायच्या आत फेलिशियाने रोज त्याचा फोटो काढला होता. अख्खा हंगाम, अंगात ताप असतानासुद्धा.

"मी पडलो माशांचा भक्त," परीक्षक म्हणाले. "त्या रविवारी मी स्वतः पाचूबंदरला होतो. या तुमच्या फळ्याचा फोटोही काढलाय, बायकोला दाखवायला." त्यांनी मोबाइल चाचपला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "ही तीच होडी. हा आकडा. चौदा! अठ्ठ्याण्णव टोपल्या आल्या होत्या तर माझ्या पिशवीत बोंबील का पडले, बाई?"

वर्ग खो-खो हसला.

"होडी कोणाची ही?"

"माझ्या पप्पांची," फेलिशिया म्हणाली. हसणं जागच्या जागी थांबलं.

"अस्सं." परीक्षकांचा चेहरा बदलला. "आणि शेवटच्या स्लाइडवर लिहिलंय, पापलेट घटतंय. ग्राफ तर वर चढतोय. आकडे रचायचेच होते तर नीट रचायचे."

मागच्या बाकावर बसलेल्या स्वप्ना चुरी मॅडम ताडकन सरळ झाल्या. त्या या प्रकल्पाच्या मार्गदर्शक होत्या. हीच मुलगी पहाटे उठून, ओल्या चपलांनी कॉलेजात येऊन फोटो दाखवायची, आणि तिच्यावर त्यांनी डोळे झाकून विश्वास टाकला होता.

फेलिशिया पडद्याकडे वळली. तिथला एकेक आकडा ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहू लागली.

"सर," ती हळू म्हणाली, "हा आकडा माझा नाही."

दोन

"म्हणजे भुताने भरला का?" विभागप्रमुख जितेंद्र सरांनी विचारलं.

त्यांच्या केबिनमध्ये आता फक्त स्वप्ना मॅडम आणि फेलिशिया होत्या. सर तसे वाईट नव्हते, पण विभागाच्या नावाला डाग लागतोय म्हटलं की त्यांचा तोल जायचा.

प्रकल्प तिघांचा होता. फेलिशियाने आकडे जमवले आणि लॅबच्या कॉम्प्युटरवर भरले. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. दीपेशने त्यांचं विश्लेषण केलं. टिफनीने ग्राफ आणि स्लाइड केल्या, त्याही सकाळी धावतपळत, त्यामुळे फेलिशियाने त्या थेट पडद्यावरच पाहिल्या. फाइल एकच आणि पासवर्डही तिघांत एकच. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी ती शेवटची सेव्ह झाली होती. मूळ फोटो तिघांच्या ग्रुपवर होतेच, आणि सरांनी त्यातले काही फाइलशी ताडून पाहिले होते.

"काही आकडे बरोबर आहेत. काही भलतेच फुगलेत. पण कमी झालेला आकडा एकही नाही!" सरांनी टेबलावर बोट आपटलं. "चूक माणूस दोन्ही बाजूंनी करतो, स्वप्ना मॅडम. सगळ्या चुका एकाच बाजूला झुकल्या तर आपण वर्गात काय म्हणतो?"

"बायस," स्वप्ना मॅडम नाइलाजाने म्हणाल्या.

"मी त्याला हेतू म्हणतो. समुद्रात बांधकाम येऊ घातलंय, कोळ्यांना भरपाई मिळायची आहे, आणि जेवढी मासळी जास्त तेवढी भरपाई जास्त. हिच्या वडलांचीच होडी सगळ्यात फुगलीय. उद्या दुपारी समिती बसतेय. निकाल रोखला जाईल, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाचं नाव विसरायचं."

फेलिशिया रडली नाही. तिने मान ताठ ठेवली.

"मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, सर," स्वप्ना मॅडम म्हणाल्या.

"घ्या. पण मला गोष्टी नकोत, पुरावा हवाय."

बाहेर व्हरांड्यात येताच फेलिशियाने त्यांचा हात धरला.

"मॅडम, मला माहितेय कोणी केलं. दीपेशनं. आणि मी आता सगळ्या वर्गाला सांगणार आहे."

तीन

दीपेश खाडीकाठच्या शेतकरी घरातला, वर्गातला पहिला नंबर. हुशारीच्या जोडीला जीभही तिखट. मॅडमनी त्याला कॅन्टीनच्या मागे गाठलं.

"तुझं आणि तिचं भांडण झालं होतं?"

"झालं ना. लपवायचंय काय त्यात?" तो फणकारला. "छोट्या होड्यांचे आकडे फार वरखाली होतात, मॅडम. मॉडेल बसतच नव्हतं. मी बोललो, तिच्या पप्पांची होडी आणि तसल्या दोन-चार काढून टाकू, मस्त सरळ रेघ येते. तर ती अंगावरच आली. बोलते कशी, समुद्रात जायचं आम्ही आणि रेघ सरळ पाहिजे तुला!"

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "मग राग काढलास?"

"आकडे बदलून? शेवटची स्लाइड बघितली ना तुम्ही? 'पापलेट घटतंय.' तो निष्कर्ष माझा, आठवड्यापूर्वी लिहिलेला. तेव्हा ग्राफ खालीच जात होता. नंतर कोणीतरी आकडे बदलले. ते मी केलं असतं तर निष्कर्ष तसाच ठेवला असता? एवढा येडा वाटलो तुम्हाला?"

हे पटण्यासारखं होतं. शिवाय प्रकल्प बुडाला तर त्याचेही मार्क बुडणार होते. पण रागाच्या भरात माणूस स्वतःचं घरही जाळतो, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "आदल्या संध्याकाळी लॅबमध्ये कोण कोण होतं?"

"मी होतो. थोडा वेळच. मी निघालो तेव्हा टिफनी ग्राफ करत बसली होती. आणि जितेंद्र सर होते, हातात किल्ली घेऊन."

मॅडम चमकल्या. सकाळी सरांनी त्यांच्याशी तासभर वाद घातला होता. पण आदल्या संध्याकाळी आपण लॅबमध्ये होतो, याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

चार

टिफनीला त्यांनी फोन करून जुन्या इमारतीत बोलावलं. तिकडे ज्युनिअर कॉलेजचे वर्ग भरायचे. डिग्रीची मुलं फारशी फिरकत नसत, म्हणून निवांत बोलता येईल असा विचार.

"तळमजल्यावर चार नंबरच्या खोलीत ये."

मुलगी आली ती घामाघूम होऊन. "सॉरी मॅडम, चार नंबर सापडलाच नाही. दोनदा याच दरवाजावरून गेले. शेवटी शिपाईकाकांनी आणून सोडलं."

"असू दे, बस," मॅडम म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष पुढच्या प्रश्नांकडे होतं.

टिफनी आणि फेलिशिया पहिल्या वर्षापासूनच्या मैत्रिणी. टिफनीचं घर वसईतलंच, पण ती वाढली मस्कतला. बारावी करून आजीकडे आली. बोलायला वसईची कुठलीही मुलगी बोलेल तशी बोलायची, मधेच इंग्रजीची फोडणी द्यायची. फेलिशियाच्या घरी नाताळात जेवायला तिचं पान ठरलेलं असायचं.

"दीपेश म्हणतो, त्या संध्याकाळी तू शेवटपर्यंत होतीस."

"हो. ग्राफ करत होते." ती नखांचा रंग खरवडू लागली. "फाइलमध्ये जे होतं त्याचेच ग्राफ केले मी, मॅडम. गॉड प्रॉमिस."

"जितेंद्र सर होते?"

"आले होते मधे." तिने खाली पाहिलं. "मॅडम, फेलिशियाला खरंच काढतील? तिनं काहीच चुकीचं नाही केलं. ते एक्झामिनर खोटं बोलतायत. चौदा कुठून आणलं त्यांनी? फोटोत पण तर..."

तिने बॅग जवळ ओढली.

"फोटोत पण काय?"

"काही नाही. मी जाऊ?"

आणि ती खरंच गेली. बॅगेची चेन उघडी, तशीच. मॅडम तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. ही पोर काहीतरी लपवत होती, पण तिच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. भीती होती, आणि भीतीइतकंच आश्चर्यही होतं.

पाच

दिवेलागणीला नायगावच्या घरी स्वप्ना मॅडमनी एकीकडे फोटो उघडले आणि दुसरीकडे फाइल. नवऱ्याने खिचडी टाकली, ती गार झाली.

सरांचं म्हणणं खरं होतं. पंचवीस जिथे होते तिथे पंचवीसच. सदतीसचे सदतीस. पण अकरा असलेल्या जागी नव्व्याण्णव! बाराचे ब्याण्णव, एकवीसचे एकोणतीस. गंमत अशी की ज्यांना मासळी कमी, त्यांचेच आकडे सर्वांत फुगलेले. मोठ्या ट्रॉलरवाल्यांना कोणी फारसा हात लावला नव्हता. हंगामाच्या शेवटी सगळ्यांचीच मासळी रोडावली होती, आणि नेमके तिथेच आकडे आभाळाला टेकले होते. म्हणूनच ग्राफ वर चढत होता.

लबाडी करायची तर अशी का करावी? पंचवीसचे पस्तीस करून कोणाला कळलंही नसतं.

मग त्यांनी ते केलं, जे त्या दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत. आकडा सोडून द्यायचा आणि त्याचा फक्त शेवटचा अंक बघायचा. खऱ्या मोजणीत शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक शेवटी साधारण सारख्याच वेळा येतात. माणूस मनाने आकडे रचायला लागला की त्याचे लाडके अंक फार येतात आणि नावडते गळतात. फोटोंमध्ये दहाही अंक होते, आपापल्या वाट्याचे. फाइलमध्ये मात्र आठ आणि नऊ दुप्पट झाले होते, आणि चार?

मॅडमनी पुन्हा पाहिलं. मग कॉम्प्युटरला शोधायला सांगितलं.

त्या अख्ख्या रकान्यात चार नव्हताच. एकही नाही. एकही एक नव्हता. बाकीचे सगळे जिथल्या तिथे, जसेच्या तसे.

एकाच्या जागी दर वेळी नऊ आणि चाराच्या जागी दर वेळी आठ. लबाड माणूस आकडा वाढवतो. तो अंकांशी असं वैर धरत नाही. इथे कोणाची तरी दोनच अंकांशी दुश्मनी होती. पण का? त्यांनी डोकं दाबून धरलं. उत्तर समोर होतं असं वाटत होतं, आणि दिसत मात्र नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजू लागला तो थांबेचना. वर्गाच्या ग्रुपवर फेलिशियाने लिहून टाकलं होतं: आकडे दीपेशने बदलले. खाली दीपेशचं उत्तर होतं. "उद्या समितीसमोर तुझं आणि तुझ्या बापाच्या होडीचं सगळं बाहेर काढतो. मग बघू कोण राहतं कॉलेजात."

सहा

सकाळी मॅडम सरळ पाचूबंदरला गेल्या. लिलाव रंगात आला होता. बायका टोपल्यांभोवती कोंडाळं करून ओरडत होत्या, आणि त्यात सर्वांत चढा आवाज फेलिशियाच्या आईचा, मर्लिनचा होता. मॅडमना ओळखून ती हात पुसत पुढे आली.

"माज्या पोरीला लबाड कोन म्हनला, मॅडम?" तिचा आवाज आता एकदम खाली आला. "ती काल जेवली नाय. पानीसुद्दा घेतला नाय. आमी तिला सांगत होतो, हा मासलीचा अभ्यास नको करू, दुसरा काय तरी कर. ती बोलली, नाय मम्मी, आपला खरा लोकांना दिसला पायजे. आता खरा दिसला?"

दुपारपर्यंत उत्तर सापडलं नाही तर या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची त्यांची हिंमत होणार नव्हती.

"मला फळा दाखवता?"

सोसायटीच्या भिंतीशी एक माणूस घाईघाईने खडूने लिहीत होता. एका होडीपुढे त्याने आकडा काढला, घाईत ओढलेल्या चाराची दोन्ही टोकं वर जाऊन एकमेकांना भिडली, आणि तो पुढच्या ओळीकडे वळला.

मॅडमनी वाचलं, आणि त्या चुकल्या. क्षणभरच. तिथे चार होता, पण त्यांनी आठ वाचला. इंग्रजी आठ.

त्यांच्या हातातली पर्स खाली पडली.

मराठी शाळेत शिकलेल्या डोळ्याला अंकाचा आकार दिसतच नाही, थेट किंमत दिसते. म्हणून रात्रभर फोटो बघूनही त्यांना तो दिसला नव्हता. पण ज्याने मराठी अंक कधी गिरवलेच नाहीत, त्याला या फळ्यावर काय दिसेल?

"काय झाला, मॅडम?" मर्लिनने विचारलं.

"तुमच्या पोरीला जेवायला घाला," मॅडम म्हणाल्या, "आणि तिला लगेच कॉलेजात पाठवा."

सात

समिती बसायच्या आधी स्वप्ना मॅडमनी सगळ्यांना सरांच्या केबिनमध्ये गोळा केलं. दीपेश आणि फेलिशिया एकमेकांकडे पाठ करून उभे. टिफनी दाराशी.

"सर, आधी तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "त्या संध्याकाळी तुम्ही लॅबमध्ये होतात."

सरांनी घसा खाकरला. "होतो. कुलूप लावायला. ही टिफनी म्हणाली, काम राहिलंय. मी किल्ली तिच्याकडे देऊन घरी गेलो. नियमात बसत नाही, म्हणून... बोललो नाही."

मॅडमनी तो विषय तिथेच सोडला. मोबाइलवर एक फोटो मोठा केला आणि दीपेशपुढे धरला. "हा आकडा वाच."

"चौदा."

"फेलिशिया?"

"चौदा, मॅडम. पप्पांची होडी."

"टिफनी, तू वाच."

टिफनी पुढे आली, वाकली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. "नाइंटी-एट. स्पष्ट आहे की! मी तेच म्हणत होते, ते एक्झामिनर..."

ती बोलता बोलता थांबली. केबिनमधले सगळे तिच्याकडे बघत होते.

मॅडमनी टेबलावरचा कागद ओढून त्यावर मोठं लिहिलं: १४. शेजारी लिहिलं: 98. कागद सरांकडे वळवला.

"आपण डावीकडचं चौदा वाचतो, कारण आपण ते पहिलीत गिरवलंय. ज्याने गिरवलं नाही त्याला एक हा नऊ दिसतो आणि चार हा आठ. फाइलमध्ये एकही एक नाही, सर, एकही चार नाही. सगळे नऊ आणि आठ झालेत. दोन्ही चुका वरच्याच बाजूला जातात, म्हणून तुम्हाला त्यात हेतू दिसला. कमी मासळीच्या होड्या दहा-बारा-चौदात असतात, त्या सरळ नव्वदीत गेल्या. दीपेश तर मराठी अंक लीलया वाचतो. फेलिशिया मराठी शाळेत शिकली, आणि हा फळा तिच्या अंगणातला. हे आकडे अशा माणसाने भरलेत ज्याला काल चार नंबरची खोली सापडली नाही. चार दारावर मराठीत लिहिलाय."

टिफनीने कागद स्वतःकडे ओढला. "पण तिथे... तिथे दुसरापण आठ होता. वेगळा. तंबूसारखा. मला वाटलं, लिहिणारा कधी इंग्लिश लिहितो, कधी मराठी."

"म्हणून तू मला विचारत होतीस!" दीपेश ओरडला. "त्या संध्याकाळी मेसेज करून. उलटा तीन म्हणजे किती, वायसारखा दिसतो तो किती. मला वाटलं, कुठली पत्रिकाबित्रिका वाचतेयस."

"जे वेगळे दिसले ते विचारलेस," मॅडम म्हणाल्या. "जे ओळखीचे वाटले ते विचारले नाहीस. माणूस तिथेच फसतो. पण टिफनी, भरलेली फाइल असताना तुला आकडे पुन्हा भरावेच का लागले?"

मग सगळं बाहेर आलं. ग्राफसाठी तिने टोपल्यांचा रकाना चढत्या क्रमाने लावला होता. एकटाच रकाना. शेजारच्या तारखा आणि होड्या जागेवरच राहिल्या, आकडे मात्र सगळे उलटसुलट. तशीच फाइल सेव्ह झाली, बंदही झाली. उघडल्यावर कोणता आकडा कोणाचा, काही पत्ता लागेना. दुसरी प्रत नव्हती. संख्याशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या अंगावर काटा यावा अशी ही चूक, आणि वर्गात प्रत्येकाला तिची ताकीद मिळालेली. तेव्हा टिफनीने फोटो उघडून पहिल्यापासून सगळं पुन्हा भरलं, एकेक आकडा दोनदा तपासून.

"मला तुला सांगायची हिंमत नाही झाली," ती फेलिशियाला म्हणाली. "तू एवढ्या पहाटे उठून... मला वाटलं, मी नीट भरलं तर तुला कळणारच नाही. आणि मग काल सगळं असं झालं, आणि मी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, मीच बदलले. मी मुद्दाम नाही केलं, फेली. शप्पथ."

फेलिशियाने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"आकडे तू मुद्दाम नाही बदललेस," ती म्हणाली. "पण गप्प मुद्दाम बसलीस. काल मला लबाड म्हणत होते तेव्हा तू माझ्या बाजूला उभी होतीस."



आठ

"संपलं तर मग," जितेंद्र सर उठत म्हणाले. त्यांचा आवाज बराच मऊ झाला होता. "समितीची गरज नाही. परीक्षकांना मी फोन करतो. दुरुस्त फाइल आज द्या, मार्क मिळतील. बाहेर बोभाटा नको."

"नाही, सर," फेलिशिया म्हणाली.

"आता काय?"

"तुम्ही मला केबिनमध्ये निर्दोष म्हणताय. मी खोटी ठरले ती वर्गात, सगळ्यांसमोर. तिथं जाऊन सांगा." तिने दीपेशकडे वळून पाहिलं. "आणि दीपेशचं मी सांगते. त्याला पण मी सगळ्यांसमोरच बोलले होते."

स्वप्ना मॅडमना त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की त्यांना खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं.

वर्ग खचाखच भरला होता. बातमीला पाय फुटलेच होते. फेलिशिया आधी उभी राहिली. "दीपेशनं काही केलं नव्हतं. मी पुराव्याशिवाय त्याचं नाव घेतलं. चुकले," ती म्हणाली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. दीपेशने मान खाली घालून मोबाइल काढला आणि रात्री लिहिलेलं पुसून टाकलं.

मग सर पुढे झाले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि विभागप्रमुख बोलतात तसं बोलले.

"कालच्या प्रकल्पाबद्दल. चौकशीअंती असं आढळलं की आकडे भरताना काही तांत्रिक चूक झाली होती. फेलिशियाचा त्यात काही दोष नाही. विषय संपला."

वर्गात कुजबुज उठली. तांत्रिक चूक म्हणजे काय? म्हणजे मिटवलंच ना? कोणीतरी मागून हसलं. फेलिशियाचे खांदे पुन्हा आखडले. मॅडमच्या लक्षात आलं, हे असं अर्धवट राहिलं तर पोरीच्या नावामागचा संशय कधीच सुटणार नाही. त्या बोलायला पुढे सरसावल्या.

त्यांच्या आधी तिसरा बाक सरकल्याचा आवाज झाला. टिफनी उभी होती. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात बाकावर रोवलेले.

"तांत्रिक नाही, सर," ती म्हणाली. "माझी."

कुजबुज बंद झाली. "फाइल मी बिघडवली. आकडे मी भरले, चुकीचे. मला मराठी अंक वाचता येत नाहीत. आणि काल फेलीवर आळ आला तेव्हा सगळं माहीत असून मी गप्प बसले, कारण मी घाबरले. ती पहिल्यापासून खरं बोलत होती."

ती उभीच राहिली. खाली बसायचं की बाहेर जायचं, हे तिला कळत नव्हतं, आणि तिला ते सांगायला कोणी पुढे आलं नाही.

फेलिशियाने मागे वळून पाहिलं नाही. तिने बॅगेतून मोबाइल काढला, फळ्याचा पहिला फोटो उघडला, आणि उठून लॅबकडे निघाली. दारापाशी ती थांबली.

"चल," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "अख्खा हंगाम परत भरायचाय. मी वाचते, तू टाइप कर."